भागीदारी दोन कंपन्यांची, तोटा कुणाच्या पदरात? मिहानचं विमान आणि हुडकेश्वरचा तरुण

१८ जून २०२५ रोजी पॅरिसच्या एअर शोमध्ये फ्रान्सची दसॉ एव्हिएशन आणि अनिल अंबानींच्या रिलायन्स समूहाची रिलायन्स एरोस्ट्रक्चर या दोन कंपन्यांनी एक घोषणा केली. 'फाल्कन २०००' हे बिझनेस जेट यापुढे नागपुरात, मिहानमध्ये पूर्ण जोडलं जाणार. फ्रान्सच्या बाहेर फाल्कनची पूर्ण जोडणी होण्याची ही पहिलीच वेळ. नागपुरात तयार झालेलं पहिलं विमान २०२८ पर्यंत उडेल, असंही सांगण्यात आलं.

बातमी आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. हुडकेश्वर नाक्यापासून म्हाळगीनगर चौकापर्यंतच्या चहाटपऱ्यांवर दोन दिवस तोच विषय होता. नागपूर विमान बनवणार! मिहान आपल्यापासून काही लांब नाही. बेसा-पिपळ्याकडून निघालं तर अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. म्हणून हुडकेश्वर, ताजबाग, हसनबाग या पट्ट्यातल्या घराघरात एक साधा प्रश्न विचारला जाणं स्वाभाविक आहे. आपल्या पोरांना यात काय?

उत्तर सरळ नाही. "हजारो रोजगार येणार" हे वाक्य नागपूरकरांनी वीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही आणि चिडतही नाही. त्यामुळे या घोषणेकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. नवं तंत्रज्ञान आणण्यासाठी कंपन्या एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात नेमकं काय ठरतं? कोण काय आणतं, कोण काय आपल्याजवळच ठेवतं, आणि काम फसलं तर भुर्दंड कोण भरतं? नागपूरजवळ याची उत्तरं द्यायला पुरेसे अनुभव जमा झाले आहेत. काही चांगले, काही कडू.

भागीदारीचा विचार आपल्या घरांना नवा नाही. शिर्कत आणि मुदारबत हे शब्द आपल्या व्यापारी कुटुंबांत आजोबा-पणजोबांपासून आहेत. हजरत खदीजा (रजि.) यांचं भांडवल आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची मेहनत व सचोटी, हा व्यापार तर प्रत्येक घरात लहानपणी सांगितला जातो. फिकहमधला नियमही स्पष्ट आहे. शिर्कतमध्ये नफा ठरलेल्या हिश्शाने वाटायचा, पण तोटा ज्याने जितकं भांडवल घातलं त्याने तितका सोसायचा. मुदारबतमध्ये एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. धंदा बुडाला आणि मेहनत करणाऱ्याने हलगर्जी केलेली नसेल, तर भांडवलाचं नुकसान पैसेवाल्याचं. मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया गेली, तेवढी शिक्षा त्याला पुरे. ही कसोटी हाताशी असू द्या, पुढे कामाला येईल.

आधी मिहानच्या विमानाचं बघू. दसॉ रिलायन्स एरोस्पेस लिमिटेड ही संयुक्त कंपनी २०१७ मध्ये उभी राहिली. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी मिहानमध्ये तिच्या कारखान्याची पायाभरणी झाली. फ्रान्सच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री फ्लोरन्स पार्ली, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि नितीन गडकरी तिघेही हजर होते. मागे राफेलचा करार होता. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये भारताने ३६ राफेल विमानं घेतली, आणि कराराच्या रकमेच्या निम्म्या मूल्याचं काम भारतात देण्याची अट त्यात होती. याला ऑफसेट म्हणतात. त्यावरून दिल्लीत काय राजकारण झालं ते सर्वांना माहीत आहे, इथे त्यात शिरायचं कारण नाही.

भागीदारीत रिलायन्सचा हिस्सा ५१ टक्के आणि दसॉचा ४९ टक्के होता. २०१९ मध्ये फाल्कन २००० चा पुढचा भाग नागपुरातून तयार होऊन गेला. त्यानंतर शंभराहून जास्त मोठे भाग इथून जोडून गेल्याचं कंपन्या सांगतात. म्हणजे कागदावरचा कारखाना नाही हा, काम चालू आहे. पण २०२५ मध्येच आणखी एक गोष्ट जाहीर झाली आणि तिच्याकडे चहाटपरीवर कुणाचं लक्ष गेलं नाही. रिलायन्स आपला दोन टक्के हिस्सा दसॉला विकणार, म्हणजे दसॉ ५१ वर आणि रिलायन्स ४९ वर. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण कंपनीच्या कायद्यात ५१ आणि ४९ यांच्यामध्ये मालक आणि भागीदार इतकं अंतर असतं. शेवटचा शब्द कुणाचा, हे त्या दोन टक्क्यांत ठरतं.

याचा अर्थ वाईटच घ्यावा असं नाही. परदेशी कंपनीला स्वतःचा ताबा असल्याशिवाय आपलं खास कसब दुसरीकडे न्यायला भीती वाटते. ताबा मिळाला की ती जास्त मोठं काम देते, असा जगभरचा अनुभव आहे. पूर्ण विमानाची जोडणी आणि हिश्श्यातला हा बदल एकाच वर्षी यावा, यात मला नवल वाटत नाही. फक्त आपण समजून घ्यावं की इथे जोडणी येते आहे. विमानाचा आराखडा फ्रान्समध्ये झालेला आहे आणि त्याचे हक्क तिथेच राहतात. इंजिन प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं. कॉकपिटमधल्या यंत्रणेत हनीवेल या अमेरिकी कंपनीचा मोठा वाटा. खुद्द दसॉसुद्धा एकटी विमान बनवत नाही. आजच्या काळात एकही मोठी कंपनी एवढं सगळं एकटीने करू शकत नाही, कारण खर्च झेपत नाही आणि सगळं ज्ञान एका छताखाली मावत नाही. म्हणून भागीदारी.

मिहानमध्ये हेच काम आधीपासून लहान प्रमाणात चालू आहे. बोइंगच्या ७८७ ड्रीमलायनरसाठी लागणारे फ्लोअर बीम, म्हणजे प्रवासी ज्या फरशीवर चालतात तिच्या खालच्या तुळया, टाटांच्या मिहानमधल्या कारखान्यात बनतात. लोखंडाच्या नाहीत त्या, कंपोझिटच्या. एअर इंडियाने ६८ बोइंग विमानं घेतली तेव्हा ठरलेलं विमान दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये मिहानमध्ये सुरू झालं. खापरी, दहेगाव, तेल्हारा, शिवणगाव या गावांची जमीन ज्या प्रकल्पात गेली, त्यातून आजवर जे काही दिसतं आहे त्यात ही कामं भक्कम म्हणावी लागतील. शेतकऱ्यांना दाखवलेल्या स्वप्नाच्या मानाने कमी, पण खरी.

आता कडू अनुभवाकडे.

२६ मे २०१७. नागपूर विमानतळावर मोठा कार्यक्रम झाला. ओला आणि महिंद्रा यांनी मिळून देशातला पहिला इलेक्ट्रिक टॅक्सीचा मोठा प्रयोग आपल्या शहरात सुरू केला. दोनशे वाहनं, त्यात शंभर महिंद्राच्या ईटूओ प्लस गाड्या. ओलाने पन्नास कोटींहून जास्त गुंतवणूक सांगितली. चार ठिकाणी मिळून पन्नासहून अधिक चार्जिंग पॉइंट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइल आणि ओला यांनी नागपुरात पेट्रोल पंपावर देशातलं पहिलं चार्जिंग स्टेशन सुरू केलं. महिंद्राने तर हे तंत्रज्ञान २०१० मध्येच बंगळुरूची रेवा कंपनी विकत घेऊन मिळवलं होतं. गाडी बनवणारा एक, प्रवासी आणणारं अ‍ॅप दुसऱ्याचं, जागा आणि वीज तिसऱ्याची, वर सरकारचा हात. कागदावर यापेक्षा चांगली जुळणी कुठली असणार?

वर्ष व्हायच्या आत चालक गाड्या परत करू लागले. तशा बातम्या देशाबाहेरच्या वृत्तसंस्थांनीही दिल्या. कारण समजायला इंजिनिअर व्हायची गरज नाही, चालकाचा दिवस पाहिला की पुरे. या गाडीचा कंपनीने सांगितलेला पल्ला मॉडेलप्रमाणे ११० ते १४० किलोमीटर. नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशात एसी लावून, ट्रॅफिकमध्ये, तो पल्ला कमी होणारच. टॅक्सीवाला दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर फिरला तर त्याचं घर चालतं. म्हणजे दिवसातून एकदा तरी, कधी दोनदा चार्जिंग. तिथे रांग. रांगेत तास-दोन तास गेले की सकाळची ऑफिसची वेळ हातची गेली, नाही तर संध्याकाळची. रांगांमुळे रस्ता अडतो म्हणून रहिवाशांनी हरकत घेतल्याच्याही बातम्या तेव्हा आल्या. इकडे गाडी भाडेपट्ट्यावर. भाड्याला काय माहीत गाडी रांगेत उभी आहे की प्रवासी घेऊन धावते आहे?

शिर्कतची कसोटी इथे लावून पाहा. प्रयोग कंपन्यांचा होता. त्यातून मिळणारी माहिती, म्हणजे बॅटरी उन्हात किती टिकते, चार्जर किती लागतात, शहरात गाडी कुठे कुठे फिरते, ही सगळी कंपन्यांकडे गेली. ती माहिती सोन्याच्या भावाची होती. महिंद्राने पुढे ईटूओ बंद केली आणि नव्या इलेक्ट्रिक गाड्या आणल्या. ओलाने इलेक्ट्रिकची वेगळी कंपनी काढून स्कूटरचा कारखाना तामिळनाडूत उभा केला. दोघे शिकले आणि पुढे गेले. त्यांना शिकवण्याची फी मात्र बऱ्याच अंशी चालकाच्या बुडालेल्या वेळेतून भरली गेली. प्रयोगात तो तिसरा भागीदार होता, पण करारात त्याचं नाव भाडेकरू असं होतं. मेहनत करणाऱ्याची मेहनत गेली तेवढं पुरे, हा मुदारबतचा साधा न्याय त्याला लागू झाला नाही. मेहनत तर गेलीच, वर रोजचं भाडंही द्यायचं राहिलं.

मला कुणी विचारेल, मग काय प्रयोगच करायचे नाहीत? करायचे, जरूर करायचे. नागपूर असल्या प्रयोगांना पुढे येतं ही शहराची जमेची बाजू आहे. पण प्रयोगाचे पहिले सहा महिने चालकाचं किमान उत्पन्न कंपन्यांनी बांधून द्यायला काय हरकत होती? पन्नास कोटींच्या प्रकल्पात दोनशे चालकांची तेवढी हमी जड नव्हती. कुणी मागितली नाही म्हणून कुणी दिली नाही.

दुसरा प्रयोग बसचा. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीने इथेनॉलवर चालणारी बस नागपुरात २०१४ मध्ये चाचणीसाठी आणली. पुढे शहरासाठी ५५ बसची योजना झाली, हिरव्या बस शहरात दिसू लागल्या. बस चांगली होती, बसलेल्या कुणालाही विचारा. तंत्रज्ञान नापास झालं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्कॅनियाने सेवा थांबवली ती थकलेली बिलं, जीएसटीचा वाद आणि पैशाच्या हमीचं एस्क्रो खातं न उघडल्याच्या तक्रारीवरून. परदेशातून सात समुद्र ओलांडून आलेली बस नागपुरात कागदावर अडली.

इथे सूरह बकरहमधली ती लांबलचक आयत आठवते, कुरआनातली सर्वांत मोठी. तिचा विषय उधारीचा व्यवहार आहे. मुदत ठरवा, लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायला कंटाळू नका, असा तिचा आशय. आपल्याकडे उलट चालतं. भावाभावात, मित्रामित्रात लिहायचं म्हटलं की "तुझा माझ्यावर भरोसा नाही का?" असं विचारलं जातं. महापालिकेचं आणि विदेशी कंपनीचं असं होऊ शकतं, तर गॅरेजमधल्या दोन पार्टनरांचं काय सांगावं!

तिसरी गोष्ट आपल्या शहरातली नाही, पण महाराष्ट्राच्या जिव्हारी लागलेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला. केवढा गदारोळ झाला. पाठोपाठ टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा प्रकल्प. तो मिहानमध्ये येणार असं तेव्हाचे उद्योगमंत्री सांगत होते, आणि तो वडोदऱ्याला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथला कारखाना सुरूही झाला. ५६ पैकी ४० विमानं तिथे बनणार. नागपूरला ही सल राहणारच.

पण वेदांता-फॉक्सकॉनचं पुढे काय झालं? १० जुलै २०२३ रोजी फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं. एक कंपनी खाणी आणि धातूंची, दुसरी दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी. चिप बनवण्याचं मूळ तंत्रज्ञान दोघींकडेही नव्हतं. ते आणण्यासाठी युरोपातल्या एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सशी चाललेली बोलणी पुढे सरकली नाहीत. दोन पाहुणे मिळून दावत देणार आणि स्वयंपाक कुणालाच येत नाही, असला तो मामला. आपण महाराष्ट्रात प्रकल्प गेल्याचं दुःख करत बसलो, पण भागीदारीत कसब कुणाकडे आहे हा पहिला प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला.

कसब एकाकडे आणि ताकद दुसऱ्याकडे असेल तर काय होतं, याचं उदाहरण नागपूरच्याच सोलर इंडस्ट्रीजचं आहे. मूळची खाणींना स्फोटकं पुरवणारी कंपनी. तिची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज ही उपकंपनी आणि बंगळुरूची झेड-मोशन ही छोटी कंपनी यांनी मिळून 'नागास्त्र-१' हे छोटं आत्मघाती ड्रोन बनवलं. उडवण्याचं ज्ञान छोट्या कंपनीचं. स्फोटकं, कारखाना आणि भांडवल मोठ्या कंपनीचं. सैन्याने ४८० ची मागणी दिली, आणि २०२४ च्या जूनमध्ये १२० ची पहिली खेप सुपूर्द झाली. सरकारी प्रयोगशाळांशीही या कंपनीची अशीच जोडी आहे. हातबॉम्बचं तंत्र डीआरडीओच्या चंडीगडच्या प्रयोगशाळेचं, उत्पादन नागपूरचं. पिनाका रॉकेटचंही तसंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकाच्या दारूगोळ्यासाठी संरक्षण मंत्रालयाने ही कंपनी आणि सरकारी म्युनिशन्स इंडिया यांच्याशी मिळून १०,१४७ कोटींचे करार केले.

शस्त्रं बनवण्याच्या रोजीबद्दल काही वाचकांच्या मनात खटका असेल, तो ज्याने त्याने आपल्या आलिमांशी बोलून सोडवावा. पण एक हिशेब लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. १७ डिसेंबर २०२३ च्या सकाळी बाजारगावच्या सोलरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. त्यातल्या सहा बाया होत्या. आसपासच्या खेड्यांतल्या, रोजच्या पगारावर घर चालवणाऱ्या. दोन कंपन्यांच्या करारात तंत्रज्ञानाची किंमत असते, उशीर झाला तर दंड असतो, गुपित फोडलं तर भरपाई असते. ज्या टेबलावर दारू भरली जाते तिथल्या बाईच्या जिवाचं कलमही तितक्याच बारकाईने लिहिलं जातं का? हे विचारायला आमदार-खासदार लागत नाही. कामाला लावताना घरच्यांनीही विचारावं.

आता हुडकेश्वरकडे परत येऊ.

उमरेड रोड, मानेवाडा रिंगरोड, हुडकेश्वर रोड या भागात गॅरेज किती आहेत ते मोजायला बसा, संध्याकाळ होईल. डेंटिंग-पेंटिंग, रेडिएटर, क्लच प्लेट, ऑटो इलेक्ट्रिशियन, सीट कव्हर. यातली कितीतरी दुकानं आपल्या लोकांची आहेत. बापाने काम शिकवलं, मुलगा शिकला, शाळा दहावीपर्यंत. या धंद्यावर लग्नं झाली, घरं बांधली गेली, हज झाला. कंपन्या आपसात हातमिळवणी करून जे नवं तंत्रज्ञान आणत आहेत, त्याचा पहिला धक्का विमानाच्या कारखान्यापेक्षा आधी इथे बसणार आहे. किंबहुना बसायला सुरुवात झाली आहे.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, कार्बोरेटर तर केव्हाच गेला. राहतात टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बॉडी, एसी आणि वायरिंग. डेंटर-पेंटरची रोजी टिकेल. इंजिनवाल्याचं काम कमी होत जाईल, एका रात्रीत नाही, पण दरवर्षी थोडं थोडं. बॅटरी आणि मोटरचं काम मात्र वाढेल, आणि अडचण तिथेच आहे. बॅटरीचे सेल एका कंपनीचे, त्यांचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं, मोटर तिसऱ्याची, आणि सगळ्यांचे आपसात गुप्ततेचे करार. गाडीत बिघाड आला तर लॅपटॉप लावून कोड वाचावा लागतो, आणि ती चावी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच असते. आपला मिस्त्री कितीही हुशार असो, कुलूप त्याच्यासाठी बंद. कंपन्यांचं सहकार्य त्यांच्यात दारं उघडतं आणि बाहेरच्याला तीच दारं बंद करतं, ही या विषयातली मला सर्वांत जास्त खुपणारी बाजू आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. वाहन क्षेत्रही त्यात घेतलं आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, वॉरंटीचा तपशील तिथे द्यावा अशी कल्पना. चांगलं पाऊल आहे, पण पोर्टल आहे, सक्तीचा कायदा नव्हे. गॅरेजवाल्यांची संघटना मजबूत असती तर त्यांनी हा विषय धरून लावला असता. रिक्षावाल्यांच्या संघटना आहेत, टॅक्सीवाल्यांच्या आहेत. मिस्त्रींची? प्रत्येक जण आपापल्या शटरमध्ये. मस्जिद कमिट्या निकाह, दफन, मदरसा सगळं सांभाळतात. एखाद्या रविवारी भागातल्या पन्नास मिस्त्रींना एकत्र बसवून हाय व्होल्टेजच्या सुरक्षेचं दोन तासांचं प्रशिक्षण ठेवायला काय लागतं? एक हॉल आणि पॉलिटेक्निकचा एक मास्तर. शहरात अंजुमन हामी-ए-इस्लामचं सदरचं इंजिनिअरिंग कॉलेज १९९९ पासून आहे. गॅरेज आणि कॉलेज यांची भेट मात्र क्वचितच होते. कंपन्यांनी एकमेकांशी हात मिळवले, आपण आपल्याच शहरातल्या दोन टोकांना हात मिळवू दिला नाही.

विमानाच्या बाजूला दार कुठून उघडतं, तेही नीट सांगतो, कारण याबद्दल गैरसमज खूप आहेत. "तिथे इंजिनिअरच लागतात" हा पहिला गैरसमज. विमानाच्या जोडणीत सर्वांत जास्त माणसं लागतात ती फिटर प्रकारची. पत्र्याला अचूक भोक पाडणं, रिव्हेट मारणं, सीलंट लावणं, वायरिंगचे जुडगे बांधणं, तपासणं. भोक केसाएवढं सरकलं तर अख्खा भाग बाद होतो. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दसॉच्या सहकार्याने 'एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर' हा खास ट्रेड सुरू झाला. दहावी पास मुलासाठी हा रस्ता आहे. आपल्या भागातले पालक इलेक्ट्रिशियन, फिटर, डिझेल मेकॅनिक एवढीच नावं घेतात, हे नाव घेताना मी क्वचित कुणाला ऐकलं. मुलींसाठीही हा ट्रेड बंद नाही. शिवणकामात ज्या बारीक हाताचं आपण कौतुक करतो, तोच हात रिव्हेटच्या ओळीला लागतो.

दुसरा रस्ता पुरवठादाराचा. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत आपल्या काही लोकांची लेथ-मिलिंगची छोटी वर्कशॉप आहेत. मिहानच्या कंपनीचं काम थेट मिळणं अवघड, कारण विमानाच्या कामाला एएस-९१०० हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळवायला वेळ आणि पैसा दोन्ही जातं. पण एकट्याला न झेपणारं काम चार वर्कशॉपनी मिळून करता येतं. एकाचं मशीन, दुसऱ्याचं तपासणीचं साहित्य, तिसऱ्याचा हिशेब. व्याजाच्या कर्जाला जे लोक नको म्हणतात त्यांच्यासाठी तर हिश्श्याची भागीदारी हाच मोकळा मार्ग आहे. फक्त लिहून करा. आणि उद्यम नोंदणी आधी करा. ती असेल तर मोठ्या कंपनीने लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं असं २००६ चा कायदा सांगतो. एप्रिल २०२४ पासून तर, मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खरेदीची वजावट त्या वर्षी कंपनीला आयकरात मिळत नाही. स्कॅनियासारखी मोठी कंपनी थकबाकीला वैतागून निघून जाऊ शकते. आपलं वर्कशॉप कुठे जाणार? नोंदणीचा तो कागद त्यासाठीच आहे.

राहिला प्रश्न नोकरीत भेदभावाचा. वाचक तो मनात धरून असतील, म्हणून टाळत नाही. घर भाड्याने घेताना नाव ऐकून दार लावून घेणारे लोक या शहरात आहेत, मग कारखान्याच्या गेटवर असा अनुभव येणारच नाही असं कोण म्हणेल? पण परदेशी भागीदार असलेल्या कारखान्यात एक फरक असतो. तिथे कामाचा दर्जा मोजला जातो आणि प्रत्येक भागावर तो कुणी केला, कुणी तपासला याची नोंद राहते. रिव्हेट बरोबर बसला की नाही हे गेज सांगतं, तिथे आडनाव विचारलं जात नाही. गेटपर्यंत पोचण्यासाठी मात्र हातात प्रमाणपत्र हवं, आणि आपली बरीचशी पोरं दहावी-बारावीनंतर डिलिव्हरीच्या बॅगकडे वळतात, कारण तिथे पैसा पहिल्या आठवड्यात दिसतो. आयटीआयची दोन वर्षं घरच्यांनी पोसायची तयारी लागते. ज्यांच्या घरी ती ऐपत नाही त्यांच्यासाठी जकातीचा, वक्फचा पैसा कामी यावा, हे सांगणं माझं काम. कसं करायचं ते कमिट्यांनी आणि आलिमांनी ठरवावं.

आणखी एक गोष्ट नजरेत ठेवण्यासारखी आहे. दसॉने जून २०२५ मध्येच टाटांशीही करार केले. राफेलचा सांगाडा हैदराबादेत बनणार, महिन्याला दोनपर्यंत. म्हणजे दसॉचा भारतातला एकमेव जोडीदार रिलायन्स नाही आणि एकमेव गाव नागपूर नाही. मिहानमध्ये हातात कसब असलेली माणसं सहज मिळाली तर पुढचं काम इथे येईल, नाही तर हैदराबाद तयार आहे.

फाल्कनचं २०२८ म्हणजे फार लांब नाही. आयटीआयचा तो ट्रेड दोन वर्षांचा आहे, आणि दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. दाखला, गुणपत्रक, आधार, आणि ओबीसीत मोडणाऱ्यांसाठी जातीचा दाखला व नॉन-क्रिमिलेअर. हे शेवटचे दोन कागद तहसीलमधून मिळायला वेळ लागतो. निकालाची वाट न पाहता आत्ताच अर्ज टाकून ठेवा.